गटारात जाणारी निवळी, बांधावर सडणारी बोंडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अन्नप्रक्रिया उद्योगांत उरणाऱ्या पदार्थांचा किण्वनाने, म्हणजे आंबवून, उपयोग कसा करून घ्यावा, या विषयावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि जागेअभावी प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी ‘कोणते कल्चर (म्हणजे विरजणासारखे वापरायचे जिवाणू) वापरावे’ असे विचारले आहे. आमच्या मते त्याआधी विचारण्याचा प्रश्न निराळा आहे. हा माल कारखान्यातून किंवा मंडईतून निघाल्यानंतर किती तासांत, किती स्वच्छ आणि इतर कचऱ्यात न मिसळता आपल्या हाती येतो? साखर, पिष्ट किंवा प्रथिने असलेला ओला पदार्थ कोणी हात न लावताही आंबतोच. ते आंबणे कोणत्या जिवाणूंच्या ताब्यात द्यायचे एवढेच आपल्या हाती असते, आणि त्याचा निकाल बहुधा पहिल्या काही तासांतच लागतो. पुढील उत्तरांत ही गोष्ट वारंवार येईल, म्हणून ती आधीच सांगून ठेवली.

प्रश्न : आमचा शहापूर भागात लहानसा दुग्धव्यवसाय आहे. लग्नसराईत पनीर आणि श्रीखंडासाठी चक्का करतो. रोज दोनशे लिटरच्या आसपास निवळी, म्हणजे दुधा-दह्यातून निथळलेले पाणी, उरते व ती गटारात जाते. शेजारी वासाची तक्रार करतात. निवळीपासून अल्कोहोल तयार होते असे एका व्हिडिओत पाहिले. आम्हाला ते परवडेल काय? – एक दुग्धव्यावसायिक, बेळगाव

उत्तर : अल्कोहोल तयार होते हे खरे आहे, पण आपल्याला ते परवडणार नाही, आणि त्याचे कारण हिशेबातच दिसते. निवळीत साधारण साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर असते. बेकरीत वापरले जाणारे नेहमीचे यीस्ट ही साखर पचवू शकत नाही, कारण लॅक्टोज फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्याकडे नसते. त्यासाठी क्लुइव्हरोमायसिस मार्क्सियानस या वेगळ्या यीस्टची गरज पडते. तेही मिळवले आणि सर्व काही बिनचूक पार पडले, तरी शंभर लिटर निवळीतून फार तर तीन लिटर अल्कोहोल हाती लागते, आणि ते उरलेल्या पाण्यातून वेगळे काढण्यासाठी ऊर्ध्वपातन, म्हणजे तापवून वाफ पुन्हा थंड करणे, करावे लागते. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात १९७८ पासून निवळीपासून अल्कोहोल काढले जाते, परंतु तिथे चीजच्या मोठ्या कारखान्याची निवळी एका जागी उपलब्ध असते. दोनशे लिटरसाठी भट्टी, इंधन आणि अबकारी खात्याचा परवाना हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांचे मात्र बरोबर आहे. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना किती प्राणवायू ओढून घेईल याचे माप बीओडी या नावाने ओळखले जाते. घरगुती सांडपाण्यात ते लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते, तर निवळीत ते तीस ते पन्नास हजारांपर्यंत जाते. नदी-नाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. म्हणजे आपली दोनशे लिटर निवळी गटारावर जो भार टाकते, तो शेकडो माणसांच्या रोजच्या सांडपाण्याइतका आहे.

आपल्यापुढे तीन मार्ग आहेत आणि ते आम्ही आमच्या पसंतीच्या क्रमाने देत आहोत. पहिला मार्ग पेयाचा. पनीरची निवळी ताजी असतानाच गाळून, उकळीच्या जवळ नेऊन, चाळीस अंशांच्या आसपास निववावी आणि तिला चांगल्या दह्याचे किंवा बाजारात मिळणाऱ्या शुद्ध कल्चरचे विरजण लावावे. पाच-सहा तासांत येणारी मंद आंबट चव जिरे, आले, कढीपत्ता आणि मीठ यांच्याशी उत्तम जुळते. ताकाची सवय असलेल्या आपल्या भागात हे पेय नव्याने समजावून सांगावे लागत नाही. चक्क्याची निवळी मात्र विरजणातून आलेली, आधीच आंबलेली असते. तिला पुन्हा विरजण लावण्याचे कारण नाही, ती गार करून त्याच दिवशी वापरावी. दोन्हींसाठी शीतसाखळी हवी आणि अन्नसुरक्षा परवान्यात या पेयाची नोंद हवी. कापडातून ठिबकलेली निवळी रात्रभर उघड्या पातेल्यात राहिली असेल तर तिचे पेय करण्याचा विचार सोडून द्यावा.

दुसरा मार्ग बायोगॅसचा, आणि आपल्यासारख्याला तो सर्वांत कमी डोकेदुखीचा वाटेल. दोनशे लिटर निवळीतून चांगल्या चालत्या संयंत्रात साडेतीन घनमीटरांच्या आसपास मिथेन मिळू शकतो. उष्णतेच्या हिशेबाने तो पावणेतीन किलो एलपीजीच्या तोडीचा, म्हणजे आठवड्याला व्यापारी वापराचा १९ किलोचा एक सिलिंडर झाला. दूध तापवण्याच्या भट्टीवरच तो जळेल. मात्र निवळी एकटीच टाकली, तर आम्ल करणारे जिवाणू मिथेन करणाऱ्या जिवाणूंच्या पुढे धावतात, टाकीतील आम्लता वाढते आणि गॅस बंद पडतो. म्हणून शेण घालून संयंत्र प्रथम नीट चालू करावे, मग निवळीचे प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यावे आणि शेण पूर्णपणे कधीही बंद करू नये. शहरात शेण कोठून आणावे हा प्रश्न शहापुरात तरी अजून पडू नये.

तिसरा मार्ग जनावरांचा. कोरड्या चाऱ्यावर शिंपडून, हळूहळू सवय लावत निवळी देता येते. जवळ गोठा असेल आणि सकाळची निवळी दुपारपर्यंत तिथे पोहोचत असेल, तर यासारखे सोपे काही नाही.

प्रश्न : आमचा स्त्री शक्ती गट खानापूर तालुक्यात आहे. काजूच्या हंगामात बी काढून घेतल्यावर बोंडे बागेतच सडतात. गोव्यात त्यांची फेणी होते. आम्हाला दारू करायची नाही. व्हिनेगर करता येईल का, आणि त्याला मागणी आहे का?

उत्तर : करता येईल. बोंडाचे वजन बीच्या पाच ते दहा पट भरते, म्हणजे आपण बाजारात नेतो त्याहून कितीतरी अधिक माल झाडाखाली टाकून येतो. रसात दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते आणि क जीवनसत्त्व संत्र्याच्या काही पट असते. अडचणी दोन आहेत. बोंड एका दिवसात आंबू लागते, आणि रसातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे घशाला तोठरा बसतो.

टॅनिनवर साबुदाण्याचा उपाय चांगला लागू पडतो. लिटरभर रसाला सुमारे पाच ग्रॅम साबुदाण्याची पातळ पेज करून ती थंड झाल्यावर रसात मिसळावी आणि भांडे रात्रभर न हलवता ठेवावे. टॅनिन पेजेला धरून तळाशी बसते आणि वरचा नितळ रस अलगद ओतून घेता येतो. भांडी काचेची, स्टेनलेस स्टीलची किंवा अन्नासाठी मान्य असलेल्या प्लास्टिकची असावीत. लोखंडाच्या घमेल्यात हा रस ठेवला तर लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने तो शाईसारखा काळा पडतो. तांबे आणि ॲल्युमिनियम व्हिनेगरच्या आम्लात विरघळत असल्याने तीही टाळावीत.

पुढचे काम दोन टप्प्यांत होते आणि ते दोन टप्पे एकमेकांत मिसळू न देणे हीच यातली सारी हुशारी आहे. पहिल्या टप्प्यात रस ऐंशी अंशांपर्यंत तापवून, निववून, त्यात यीस्ट घालून भांडे हवाबंद ठेवायचे. आतला वायू बाहेर पडावा आणि बाहेरची हवा आत येऊ नये अशी नळी पाण्यात सोडलेली असली की पुरते. आठवड्याभरात साखरेचे पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होते आणि बुडबुडे थांबतात. दुसऱ्या टप्प्यात याच्या अगदी उलट वागायचे. गाळ सोडून वरचा द्रव रुंद तोंडाच्या भांड्यात घ्यायचा, त्याच्या पाव हिस्सा न तापवलेले जिवंत व्हिनेगर घालायचे आणि तोंडाला मलमलीचे कापड बांधून हवा लागू द्यायची. काही दिवसांनी पृष्ठभागावर ओलसर कागदासारखा पातळ पापुद्रा धरतो. तो ॲसिटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा असतो आणि त्यांना हवा लागत असल्यामुळे ते वर तरंगतात. तो ढवळून बुडवू नये. कापड चिलटांसाठी आवश्यक आहे, कारण ती आपल्यासोबत नको असलेले जिवाणू घेऊन येतात. चार ते सहा आठवड्यांत काम पुरे होते. मध्येच नखांच्या रंगासारखा उग्र वास येऊ लागला तर हवा कमी पडते आहे असे समजून भांडे अधिक उथळ घ्यावे. पांढरी-हिरवी केसाळ बुरशी दिसली तर मात्र ते भांडे ओतूनच द्यावे, वरची बुरशी काढून खालचे वापरण्याचा मोह धरू नये.

तयार व्हिनेगरमध्ये किण्वित व्हिनेगरसाठीच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शंभर मिलिलिटरमागे किमान ३.७५ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असावे लागते. ते मोजण्याची साधी पद्धत कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत करून मिळेल. मोजणी झाल्यावर बाटली काठोकाठ भरून बंद करावी. अर्धवट भरलेल्या बाटलीत हवा राहिली तर तेच जिवाणू पुढे आम्लालाही खाऊ लागतात आणि व्हिनेगर फिके पडते.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. पहिल्या टप्प्याअखेर आपल्या पिंपात जे असते ते कायद्याच्या दृष्टीने मद्य आहे, मग आपला हेतू कितीही निर्मळ असो. कर्नाटक अबकारी अधिनियम, १९६५ खाली विनापरवाना आंबवलेला रस सापडणे अडचणीचे ठरते. म्हणून पहिले पिंप भरण्याच्या आधी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात लेखी विचारणा करून त्याची पोच जवळ ठेवावी. घरगुती भट्टीवर तो द्रव गाळण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. फळांतील पेक्टिन या चिकट द्रव्यापासून थोडे मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही तयार होते आणि पहिल्या धारेचा भाग वेगळा काढण्याचे ज्ञान नसेल तर ते जिवावर बेतू शकते.

मागणीबाबत आम्ही सावध आहोत. दुकानात मिळणारे स्वस्त व्हिनेगर बहुतेक वेळा ॲसिटिक आम्लात पाणी मिसळून केलेले असते आणि तसे वेष्टनावर छापण्याचे बंधनही आहे. त्याच्या किमतीशी आपला माल स्पर्धा करू शकणार नाही. गोव्याच्या स्वयंपाकात माडाच्या व्हिनेगरची सवय मुरलेली आहे, त्यामुळे तिथली उपाहारगृहे आणि लोणची करणारे यांच्याकडे प्रथम नमुना घेऊन जावे. पहिल्या हंगामात दोन-तीन पिंपांच्या पुढे जाऊ नये. पुत्तूर येथील काजू संशोधन संचालनालय आणि म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) या संस्थांनी बोंडावर प्रक्रियेचे काम केलेले आहे. त्यांच्याशी गटाच्या नावाने पत्रव्यवहार करावा.

प्रश्न : माझे ज्यूस सेंटर आहे. मोसंबी-संत्र्याच्या सालींपासून गूळ घालून बायो-एन्झाइम करतात, ते नाल्यात ओतल्याने पाणी शुद्ध होते असे सांगतात. खरे आहे का? – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी तीन महिने ठेवण्याची ही कृती थायलंडमधून पसरली. तीन महिन्यांनंतर जे मिळते ते मुख्यतः सौम्य सेंद्रिय आम्लांचे, सालीतील सुगंधी तेलाचा अंश असलेले पाणी असते. फरशी, नळाची तोटी, सिंक यांवरील पांढरे क्षार आणि तेलकटपणा काढण्यास ते चांगले आहे. नावात एन्झाइम असले तरी गुण बहुतेक आम्लाचा आहे. नाला शुद्ध करण्याचा दावा आम्हाला मान्य नाही. या द्रवाचा स्वतःचा बीओडी मोठा असतो, आणि आधीच प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो ओतणे म्हणजे आणखी सांडपाणी ओतण्यासारखेच आहे. पहिल्या महिन्यात वायू जोरात तयार होतो, म्हणून काचेची बाटली घट्ट बंद करून ठेवू नये. प्लास्टिकच्या बरणीचे झाकण रोज एकदा सैल करावे.

प्रश्न : आमच्या भागातील साखर कारखान्यातून प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, मिळते. काही शेतकरी ते ताजेच उसाच्या सरीत टाकतात. मळीपासून (साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट द्रवापासून) अल्कोहोल काढल्यावर उरणारे काळे पाणी शेतात सोडले तर खताचे काम करते असेही सांगितले जाते. आम्ही काय करावे? – एक ऊस उत्पादक, चिक्कोडी तालुका

उत्तर : उसाच्या कारखान्याइतका स्वतःचा टाकाऊ माल जिरवणारा दुसरा अन्न उद्योग आपल्या जिल्ह्यात नाही, आणि त्या मालातील सर्वांत अवघड भागाबद्दल आपण विचारले आहे. शंभर टन उसामागे साधारण तीस टन बगॅस (चिपाड), तीन-चार टन प्रेसमड आणि चार-साडेचार टन मळी निघते. बगॅस बॉयलरमध्ये जाते. शेवटच्या प्रतीच्या एक टन मळीतून २२० ते २४० लिटर अल्कोहोल मिळते. या किण्वनात साखरेचे जवळजवळ निम्मे वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. अनेक ठिकाणी तोही पकडून, शुद्ध करून शीतपेयांसाठी विकला जातो, म्हणजे शीतपेयातील बुडबुडेसुद्धा उसाचेच असू शकतात. खरी अडचण यानंतर सुरू होते. प्रत्येक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरते. आपण म्हणता ते काळे पाणी हेच.

त्याचा काळा-तपकिरी रंग मेलॅनॉइडिन या द्रव्यांचा असतो आणि ती जिवाणूंना सहजी फोडता येत नाहीत. म्हणून बायोगॅस संयंत्रातून काढून बहुतांश सेंद्रिय भार कमी झाल्यावरही रंग तसाच राहतो. त्यात पालाश भरपूर असते हे खरे, आणि खताची गोष्ट त्यावरूनच निघाली आहे. परंतु पालाशासोबत इतर क्षारही येतात. कृष्णा आणि दूधगंगेच्या काठच्या काळ्या जमिनी आधीच अति पाण्याने क्षारपड होत चालल्या आहेत. तिथे प्रक्रिया न केलेले स्पेंटवॉश सोडणे म्हणजे दोन हंगामांच्या खतासाठी जमीन गहाण टाकणे आहे. शेजारच्या विहिरीचे पाणी रंगले तर ते पूर्ववत होण्यास किती वर्षे जातील, हे कोणी सांगू शकत नाही. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय ते टँकरने आणून शेतात सोडणे नियमबाह्यही आहे. टँकर फुकट मिळतो म्हणून घेऊ नये, तो फुकट का मिळतो हे विचारावे. स्पेंटवॉश आटवून विशेष बॉयलरमध्ये जाळणाऱ्या कारखान्यांतून जी राख निघते, तिच्यापासून तयार केलेले पालाशयुक्त खत आता ‘पीडीएम’ (मळीपासून मिळवलेले पालाश) या नावाने अधिकृतपणे विकले जाते. पालाशच हवे असेल तर ते गोणीतून, पृथक्करणाच्या आकड्यासह घेणे केव्हाही बरे.

प्रेसमडची गोष्ट याहून बरीच सोपी आहे. ते उत्तम सेंद्रिय द्रव्य आहे, स्फुरद आणि चुना यांनी युक्त आहे, मात्र ताजे टाकू नये. ताज्या प्रेसमडमध्ये साखरेचा अंश आणि मेण असते. ते सरीतच कुजू लागले की ढीग तापतो, कोवळ्या मुळांना झळ बसते आणि कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, त्यामुळे ऊस काही आठवडे पिवळट दिसतो. शेताच्या कडेला कमरेएवढ्या उंचीचा लांब ढीग लावून, शेणकाला किंवा कुजवणारे जिवाणू-संवर्धक मिसळून, आठवड्यातून एकदा वरचे खाली करावे. पहिल्या पंधरवड्यात ढिगात हात घालवत नाही इतकी उष्णता होते आणि ती तशी व्हायलाच हवी, कारण तणांचे बी आणि रोगकारक जिवाणू त्यातच मरतात. दीड-दोन महिन्यांनी ढीग थंड झाला, आकाराने बराच बसला आणि मूठभर माल दाबल्यावर मातीसारखा वास आला की तो शेतात नेण्यास योग्य झाला. अलीकडे प्रेसमडपासून दाबाखाली साठवलेला बायोगॅस काढण्याचे प्रकल्प सुरू झाले आहेत. त्यातून उरलेला गाळही खत म्हणून चालतो, तेव्हा तो मिळत असेल तर अवश्य घ्यावा. माती आणि प्रेसमड यांच्या तपासणीसाठी मत्तिकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा धारवाडचे कृषी विद्यापीठ, आणि कारखान्याच्या बाजूची माहिती हवी असल्यास बेळगावातील एस. निजलिंगप्पा साखर संस्था, या जागा आपल्याला जवळच्या आहेत.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. टाकाऊ मालावरील किण्वनाचे प्रकल्प कंपोस्ट आणि बायोगॅसच्या पुढे जात नाहीत असे वाटते. यातून खरोखर मोठे काही निघाले आहे काय? – एक वाचिका, बेळगाव

उत्तर : पेनिसिलिन. मक्यापासून स्टार्च काढताना मका सुमारे दोन दिवस कोमट पाण्यात भिजवतात. त्या पाण्यात लॅक्टिक आम्लाचे जिवाणू वाढतात आणि मक्यातील नत्रयुक्त द्रव्ये उतरतात. हे पाणी आटवून जो दाट द्रव उरतो, त्याचे काय करावे हा अमेरिकेतील स्टार्च कारखान्यांपुढे प्रश्न होता. १९४१ च्या उन्हाळ्यात पेनिसिलिनवर काम करणारे ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत आले. मक्याच्या प्रदेशातील या प्रयोगशाळेकडे शेतीतील जादा आणि टाकाऊ मालाला उपयोग शोधण्याचेच काम होते. तिथल्या अँड्र्यू मॉयर यांनी पेनिसिलिनच्या बुरशीला तो द्रव खाऊ घातला आणि उत्पादन अनेक पटींनी वाढले. नंतर कळले की त्यात बुरशीच्या वाढीला लागणाऱ्या पोषकांबरोबर पेनिसिलिनच्या रेणूचा एक भाग तयार करणारी द्रव्येही होती. १९४३ मध्ये याच गावच्या बाजारातील बुरशी आलेल्या खरबुजावरून अधिक उत्पादन देणारी बुरशी मिळाली. पुढे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती याच किण्वनाच्या तंत्रावर.

सायट्रिक आम्लाची कथाही अशीच आहे. ते पूर्वी लिंबांपासून काढले जाई आणि व्यापार मुख्यतः इटलीच्या हाती होता. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून ते तयार करते हे दाखवून दिले, १९१९ पासून कारखान्यात उत्पादन सुरू झाले, आणि पुढे साखरेची जागा अनेक ठिकाणी मळीने घेतली. गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून विकर काढण्याचे जोकिची ताकामिने यांचे पेटंट तर १८९४ चे आहे.

आपल्या प्रकल्पासाठी मात्र आम्ही याहून लहान सूचना करतो. वरील पहिल्या पत्रातील निवळी घ्यावी. ती निघाल्यापासून दर दोन तासांनी तिची आम्लता आणि जिवाणूंची संख्या मोजावी, एका भांड्यात विरजण लावून आणि एका भांड्यात न लावता, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा. गावातील लहान डेअरीवाल्याला ‘किती तासांच्या आत’ याचे उत्तर देणारा तक्ता आज हाताशी नाही. तो आपण केलात तर आम्ही या सदरात आनंदाने छापू.

प्रश्न : आमच्याकडे तेलघाणा आहे. शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी वाढवून इंडोनेशियात खाद्यपदार्थ करतात असे वाचले. येथे करता येईल काय? – एक वाचक, अथणी

उत्तर : त्या पदार्थाला ओंचोम म्हणतात आणि तो न्यूरोस्पोरा या नारिंगी बुरशीने करतात. आपण करू नये. पेंड ओलसर राहिली असेल तर तिच्यात ॲस्परजिलस फ्लेवस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष असण्याचा धोका असतो आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. प्रत्येक खेपेची तपासणी करवून घेण्याची तयारी नसेल तर पेंड कोरडी ठेवून पशुखाद्यासाठी विकणेच योग्य, आणि तिथेही बुरशी आलेली पेंड बाजूला काढावी.

प्रश्न : बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आम्ही रताळी घेतो. प्रतवारीत बाजूला पडलेली बारीक, तुटकी रताळी आणि काढणीचा वेल यांचा मुरघास करता येईल का? – दोन शेतकरी

उत्तर : उत्तम करता येईल, आणि वेल बांधावर वाळवण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. मुरघासात हवा नसताना लॅक्टिक आम्लाचे जिवाणू चाऱ्यातील साखर आंबवतात, सामू (पीएच) चारच्या आसपास उतरतो आणि चारा महिनोन् महिने टिकतो. रताळ्याच्या वेलात पाणी फार असते. म्हणून कापल्यावर तो एक दिवस सुकवावा, म्हणजे ओलावा सत्तर टक्क्यांच्या खाली येईल. घाई असेल तर कुट्टी केलेला कडबा किंवा भाताचे पिंजर मिसळून पाणी धरून ठेवावे. कुट्टी इंच-अर्धा इंचाची असावी. साखर रताळ्यांतूनच मिळत असल्याने वेगळी मळी किंवा गूळ घालण्याची गरज बहुधा पडत नाही. मात्र रताळी धुऊन, माती काढून, चिरून मिसळावीत, कारण मातीबरोबर जे जिवाणू येतात त्यांनी मुरघासाला कुजकट तुपासारखा वास येतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. बॅग भरताना दर थर पायाने तुडवावा, तोंड बांधण्याआधी उरलेली हवा दाबून काढावी आणि पंचेचाळीस दिवस बॅगेला हात लावू नये. खड्ड्यात मुरघास केला असेल तर उघडताना लगेच आत उतरू नये. तळाशी कार्बन डायऑक्साइड साठलेला असू शकतो. एक बाजू मोकळी करून काही वेळ वारा खेळू द्यावा. सुरुवातीला जनावरामागे दोन-तीन किलोच द्यावा व आठवड्याभरात वाढवत न्यावा.

बारीक आणि तुटकी रताळी चालतील, परंतु काळे डाग पडलेली, बुरशी धरलेली किंवा कडवट वास येणारी रताळी यात टाकू नयेत. बुरशीचा हल्ला झालेल्या रताळ्यात जे विषारी द्रव्य तयार होते, ते गायी-म्हशींच्या फुप्फुसांवर परिणाम करते. जनावर मान पुढे ताणून धापा टाकू लागते आणि एक-दोन दिवसांत दगावू शकते. आंबवल्याने हे विष निघून जाईल असे गृहीत धरू नये. प्रतवारी करतानाच दोन पाट्या ठेवाव्यात, एक तुटक्या रताळ्यांची आणि एक काळ्या रताळ्यांची, आणि दुसरी पाटी गोठ्याच्या दिशेने जाऊच नये. ती रताळी कंपोस्टच्या ढिगात खोल पुरावीत. गोठ्यातील जनावर धापा टाकताना दिसल्यास उरलेले खाद्य बाजूला ठेवून तत्काळ पशुवैद्यांना बोलवावे आणि काय खाऊ घातले ते त्यांना दाखवावे.